कर्नेलच्या यादीतून एक नाव पुसले जाते तेव्हा

१/ जानेवारी २०२५ मध्ये लिनक्स कर्नेलची ६.१३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्या फाइल सिस्टिम्सच्या यादीत 'रायझरएफएस' हे नाव नव्हते. त्याआधी सुमारे चोवीस वर्षे ते तिथे होते. इतिहासाच्या वर्गापर्यंत ही बातमी पोहोचण्याचे काही कारण नाही, असे कोणालाही वाटेल. माझ्या मते कारण होते. कर्नेलमधील फाइल सिस्टिम्सची यादी म्हणजे यंत्रांनी लिहून ठेवलेल्या भूतकाळापैकी आज किती वाचता येतो, याची नोंदवही होय. ती वाचनीयता टिकवण्याची जबाबदारी प्रोग्रामरांइतकीच आपलीही आहे. हा थ्रेड त्यासाठी.

२/ आधी फाइल सिस्टिम म्हणजे काय, ते पाहू. हार्ड डिस्क, सीडी किंवा पेन ड्राइव्ह यांवर प्रत्यक्षात असतात ते केवळ क्रमांक दिलेले ठोकळे. कोणता ठोकळा कोणत्या फाइलचा, तिचे नाव काय, ती कधी लिहिली, तिचा पुढचा भाग कुठे, हे त्या ठोकळ्यांना ठाऊक नसते. दप्तरखान्यातील सगळे रुमाल सोडून कागद एकत्र पसरले, तर एकही कागद नष्ट न होता दप्तर मात्र नाहीसे होईल. कोणता कागद कोणत्या रुमालातला, हे सांगणारी जी व्यवस्था, तिलाच संगणकाच्या भाषेत फाइल सिस्टिम म्हणतात.

३/ प्रत्येक व्यवस्थेची मांडणी निराळी आणि ओळखही निराळी. उदाहरणार्थ, 'एक्स्ट२' कुळातील डिस्कवर आरंभीचे १०२४ बाइट्स सोडले की 'सुपरब्लॉक' लागतो आणि त्यात 'ईएफ५३' ही ठरलेली खूण असते. पत्रावरील शिक्का पाहून आपण ते कोणाच्या दरबारचे हे ओळखतो, तसे कर्नेल या खुणेवरून डिस्कचे कूळ ओळखते. मात्र त्यासाठी तो शिक्का ओळखणारा जाणकार कर्नेलमध्ये आधीच नेमलेला असावा लागतो. तो नसेल, तर डिस्क कितीही धडधाकट असली तरी कर्नेलच्या दृष्टीने ती निरर्थक अंकांची रास.

४/ ही नेमणूक होते कर्नेल बांधताना. सोर्स कोड घेऊन बांधणीला बसले की प्रथम एक लांबलचक प्रश्नावली उघडते. तिच्यात 'फाइल सिस्टिम्स' हे स्वतंत्र प्रकरण आहे. प्रत्येक नावापुढे बहुधा तीनच उत्तरे शक्य असतात. 'वाय' म्हणजे हा जाणकार कर्नेलच्या पोटातच ठेवा. 'एम' म्हणजे त्याला मॉड्यूल म्हणून वेगळ्या फाइलीत ठेवा, गरज पडली की बोलावू. 'एन' म्हणजे नको. आपला फोन, आपला संगणक, बँकेचा सर्व्हर यांतील कर्नेलसाठी कोणीतरी कधीतरी ही उत्तरे दिलेली आहेत.

५/ या उत्तरांत एक जुना पेच दडलेला आहे. ज्या डिस्कवर संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिच्याच फाइल सिस्टिमपुढे 'एम' लिहिले, तर काय होईल? जाणकाराची फाइल त्या डिस्कवर आहे आणि ती डिस्क वाचायला तोच जाणकार हवा. पेटीची किल्ली पेटीतच राहिली. अशा वेळी मूळ फाइल सिस्टिम जोडता येत नाही, असा संदेश देऊन कर्नेल हात टेकते. यावर उपाय म्हणून कर्नेलसोबत एक छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम थेट मेमरीत उतरवली जाते. तिला 'इनिटरामएफएस' म्हणतात. किल्ली तिच्यात ठेवलेली असते.

६/ आता इतिहासाकडे वळू. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची पहिली आवृत्ती केली, तेव्हा ही यादी नव्हतीच. एकच फाइल सिस्टिम होती आणि तीही उसनी, अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या १९८७ सालच्या 'मिनिक्स'ची. तिच्यात एका विभागाची मर्यादा ६४ मेगाबाइट आणि फाइलीच्या नावाची मर्यादा १४ अक्षरे. मिनिक्स हे विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी केलेले साधन होते, त्यामुळे हे अडसर समजण्याजोगे होते. पण लिनक्सला लवकरच त्यांचा काच जाणवू लागला.

७/ मग कर्नेलमध्ये एक मधला थर आला, 'व्हर्च्युअल फाइल सिस्टिम'. कल्पना पूर्वीची होती. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८५ मध्ये आपल्या 'सनओएस'मध्ये तिचा अवलंब केला होता, जेणेकरून स्वतःची डिस्क आणि नेटवर्कवरची दुसऱ्या यंत्राची डिस्क एकाच रीतीने वाचता यावी. या थराचे काम दुभाष्याचे. प्रोग्रामने फक्त 'फाइल उघड' म्हणावे. समोर कोणती मांडणी आहे आणि तिचा जाणकार कोण, ते हा थर पाहील. या दुभाष्यामुळेच यादी शक्य झाली. १९९२ मध्ये रेमी कार्ड यांची 'एक्स्ट' आली, १९९३ मध्ये 'एक्स्ट२' आणि तिची स्पर्धक 'झिआएफएस'. पुढे 'एक्स्ट२' टिकली, तर 'एक्स्ट' आणि 'झिआएफएस' या दोघींची नावे कर्नेलच्या २.१ मालिकेत वगळली गेली. म्हणजे नावे पुसण्याची परंपराही यादीइतकीच जुनी आहे.

८/ नोव्हेंबर २०२४ मधील ६.१२ ही आवृत्ती घ्या आणि तिच्या प्रश्नावलीतील 'किरकोळ फाइल सिस्टिम्स' हा विभाग वाचा. एकॉर्नची, अमिगाची, ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉशची, बीओएसची, ओएस/२ ची, सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्सची, क्यूएनएक्सची. यांतील बहुतेक यंत्रे दुकानांतून केव्हाच गेली, काहींच्या कंपन्याही उरल्या नाहीत. प्रत्येक नावाखाली एक छोटी टीप असते, ही कोणाच्या उपयोगाची हे सांगणारी. शेवटी बहुधा सल्ला असतो की खात्री नसेल, तर 'एन' म्हणा. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील संगणकजगताची इतकी आटोपशीर वंशावळ मला अन्यत्र क्वचितच आढळली आहे. आपण ती साधन म्हणून वाचत नाही, एवढेच.

९/ साधन म्हणून वाचू लागलो, की या यादीत केवळ तंत्रज्ञान नाही हेही दिसते. तिच्यात कायदा आहे. मायक्रोसॉफ्टने 'फॅट' या फाइल सिस्टिमशी संबंधित पेटंटांच्या आधारे २००९ मध्ये टॉमटॉम या कंपनीवर दावा लावला होता. तो पुढे तडजोडीने मिटला. 'एक्सफॅट'चा तपशील मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये खुला केला आणि त्यानंतरच ती लिनक्सच्या यादीत रीतसर आली. सनने घडवलेली 'झेडएफएस' तिच्या परवान्याच्या अटींमुळे आजही मूळ कर्नेलबाहेर आहे. कोणती डिस्क वाचता येईल, याचा निकाल कधी प्रयोगशाळेत लागतो, तर कधी वकिलाच्या कचेरीत.

१०/ आणि तिच्यात भाषाही आहे. फाइल सिस्टिम्सच्या प्रकरणाला जोडूनच भाषासंकेतांची एक यादी येते. फाइलींची नावे कोणत्या अक्षरसंकेतात लिहिली-वाचली जावीत, हे तिथे ठरते. जपानी, चिनी, कोरियन, थाई, हिब्रू, रशियन असे संकेत तिथे आहेत. ॲपलच्या जुन्या संकेतांपैकी आइसलँडिक, गेलिक आणि इन्युइटसुद्धा आहेत. देवनागरीचा मात्र एकही जुना संकेत नाही. १९९१ साली भारतीय मानक म्हणून नोंदलेल्या 'इस्की'लाही तिथे जागा नाही. आपल्यासाठी आहे ते थेट युनिकोडवर आधारित 'यूटीएफ-८'.

११/ याचा व्यवहारातील अर्थ असा. पेन ड्राइव्हवरील 'व्हीफॅट' फाइल सिस्टिमसाठी मूळ प्रश्नावलीत सुचवलेला संकेत पश्चिम युरोपीय भाषांचा आहे. तो तसाच ठेवून पेन ड्राइव्ह जोडला, तर मराठीत नाव दिलेल्या फाइलीच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. डिस्कवर नाव शाबूत असते, पण ते वाचण्यासाठी निवडलेल्या संकेतात त्या अक्षरांना स्थान नसते. बहुतेक लिनक्स वितरणे ही निवड आपल्याआधीच दुरुस्त करून देतात, म्हणून आपल्याला ती जाणवत नाही. जुन्या यंत्रांवरचे कोणते वाचक अपेक्षित होते आणि कोणते नव्हते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे कागद इतिहासात फार नसतात.

१२/ आता रायझरएफएसकडे येऊ. जानेवारी २००१ मध्ये ती कर्नेलमध्ये आली. मूळ कर्नेलमधील ती पहिली 'जर्नलिंग' फाइल सिस्टिम. जर्नलिंग म्हणजे खतावणीत बदल करण्यापूर्वी कीर्दीत नोंद करणे, म्हणजे मध्येच वीज गेली तरी हिशेब जुळवता येतो. 'एक्स्ट३' त्याच वर्षी, पण नोव्हेंबरमध्ये आली. सुसे या वितरणात तर रायझरएफएस ही ठरावीक निवड होती. त्या काळातील कित्येक सर्व्हरांवरचा मजकूर या मांडणीत लिहिला गेला.

१३/ तिच्या अस्ताविषयी एक लोककथा रूढ आहे. तिचा कर्ता हान्स रायझर २००८ मध्ये पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरला, म्हणून फाइल सिस्टिमही मेली, अशी ती कथा. कथेला नाट्य आहे, म्हणून ती टिकते. परंतु कालक्रम वेगळे सांगतो. सुसेतील अभियंत्याने रायझरएफएस सोडून 'एक्स्ट३' स्वीकारण्याचा प्रस्ताव मांडला तो सप्टेंबर २००६ मध्ये, तांत्रिक कारणे देऊन. रायझरला अटक झाली ती ऑक्टोबर २००६ मध्ये. घटनेआधी लिहिलेला कागद घटनेचा परिणाम असू शकत नाही, हे आपण पहिल्या वर्षातच शिकतो. खटल्याचा परिणाम झालाच नाही, असे म्हणता येणार नाही. पण उतरण त्याआधीच सुरू झाली होती.

१४/ शेवटचा निर्णयही कंटाळवाण्या कारणांनीच झाला. कर्नेलची अंतर्गत रचना सतत बदलत असते आणि प्रत्येक बदलाबरोबर प्रत्येक फाइल सिस्टिमचा कोड सुधारावा लागतो. रायझरएफएसकडे लक्ष देणारे हात उरले नव्हते. तिची कालगणनाही १९ जानेवारी २०३८ रोजी संपणार होती. म्हणून २०२२ मध्ये ती कालबाह्य ठरवून २०२५ मध्ये काढण्याची सूचना दिली गेली आणि ती पाळली गेली. त्याच वर्षी ६.१५ मध्ये 'सिस्टिम व्ही' कुळातील जुन्या युनिक्स डिस्क वाचणारा कोडही काढण्यात आला. हा जाणकार १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सची मांडणीदेखील ओळखत असे.

१५/ यावर इतिहासप्रेमी मनाची पहिली प्रतिक्रिया असते की काही काढूच नका, सगळे जपा. मला हा आग्रह मान्य नाही. कर्नेल हे यंत्रातील सर्वाधिक अधिकार असलेले ठिकाण. तिथे वर्षानुवर्षे कोणी न तपासलेला कोड ठेवणे म्हणजे वाड्याचा मागचा दरवाजा बिनकुलपाचा सोडणे. मुद्दाम बिघडवलेली डिस्क किंवा तिची प्रतिमा जोडायला लावून यंत्र ताब्यात घेण्याचे हल्ले अशाच दरवाजांतून होऊ शकतात. मूठभर संशोधकांच्या सोयीसाठी कोट्यवधी लोकांनी हा धोका पत्करावा, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. कर्नेल हे संग्रहालय नव्हे.

१६/ दुसऱ्या टोकाची प्रतिक्रियाही तितकीच अपुरी आहे. तंत्रज्ञ म्हणतात की काही हरवलेले नाही, जुन्या कर्नेलचा कोड जाहीर आहे, हवे त्याने तो बांधावा. हे खरे आहे. ६.१२ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती आहे आणि तिच्यात रायझरएफएस आहे. पण कोड उपलब्ध असणे आणि वाचन घडणे यांत अंतर आहे. अमुक डिस्क अमुक मांडणीत आहे हे ओळखणारा, त्यासाठी कोणते कर्नेल हवे हे जाणणारा आणि योग्य ओळीपुढे 'वाय' लिहून ते बांधणारा माणूस लागतो. तो आपोआप निर्माण होत नाही.

१७/ हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. मोडी लिपीतील असंख्य कागद आजही शाबूत आहेत. कागद आहेत, शाई आहे, अक्षरे आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारातून गेली आणि वाचणारे विरळ झाले. लिपी कोणी बंदिस्त ठेवलेली नाही, तिची पुस्तके मिळतात. तरीही वाचकांची प्रत्येक पिढी वर्ग घेऊन, सराव करून, मुद्दाम घडवावी लागते. फाइल सिस्टिमची गोष्ट हीच आहे, फक्त काळाचा वेग वेगळा. मोडीच्या बाबतीत जे काही पिढ्यांत घडले, ते इथे वीस वर्षांत घडते.

१८/ वेगाचे उदाहरण हवे असेल, तर इंग्लंडमधील घ्या. १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक'ला नऊशे वर्षे झाली, म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने लेझर डिस्कवर नवे डूम्सडे तयार केले. ती वाचण्यासाठी खास जोडणीचा एकॉर्न संगणक लागे. पंधरा वर्षांत अशी चालती यंत्रे दुर्मीळ झाली आणि जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकावर उभी करण्यासाठी लीड्स व मिशिगन विद्यापीठांना स्वतंत्र प्रकल्प करावा लागला. मूळ चर्मपत्रावरचा ग्रंथ तेव्हाही वाचता येत होता.

१९/ याउलट दोन आश्वासक उदाहरणेही याच यादीत आहेत. २०१५ मध्ये 'एक्स्ट३'चा स्वतंत्र कोड कर्नेलमधून काढला गेला, पण एकही डिस्क मुकी झाली नाही, कारण धाकट्या 'एक्स्ट४'ला थोरलीची मांडणी वाचता येते. दुसरे उदाहरण 'एक्सएफएस'चे. सिलिकॉन ग्राफिक्सने नव्वदच्या दशकात ती आयरिक्ससाठी घडवली आणि पुढे लिनक्सला दिली. २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. एक्सएफएस मात्र आजही मोठमोठ्या सर्व्हरांवर नांदते आहे, कारण तिला सांभाळणारी माणसे आहेत. कोड पुसला गेल्याने वाचन थांबतेच असे नाही आणि कंपनी बुडाल्यानेही नाही. वारस राहिला नाही, की थांबते.

२०/ मग आपण काय करायचे? पहिले, मूळ डिस्कला हात न लावणे. हे वाटते तितके सोपे नाही. 'एक्स्ट३' किंवा 'एक्स्ट४' असलेली डिस्क 'केवळ वाचनासाठी' म्हणून जोडली, तरी कीर्दीतील अपुऱ्या नोंदी पूर्ण करण्यासाठी कर्नेल तिच्यावर लिहू शकते. म्हणजे साधन पाहता पाहता साधन बदलते. म्हणून लेखन अडवणारे उपकरण मध्ये घालून आधी डिस्कची बिट-बिट जुळणारी प्रतिमा घ्यावी, तिची तपासणी-संख्या नोंदवावी आणि वाचन त्या प्रतिमेवरच करावे.

२१/ दुसरे, दाखलनोंदीत मजकुराइतकेच मांडणीलाही स्थान द्यावे. 'एक हार्ड डिस्क, कागदपत्रे असलेली' ही नोंद अपुरी आहे. फाइल सिस्टिम कोणती, नावांचा अक्षरसंकेत कोणता, कोणत्या कर्नेलने ती वाचली, हेही लिहावे. तिसरे, वाचणारे जुने कर्नेल आभासी यंत्रात, नेटवर्कपासून तोडून, चालू स्थितीत जपावे. जिथे शक्य आहे तिथे हा जाणकार कर्नेलबाहेरही बसवता येतो. २००५ पासून लिनक्समध्ये असलेल्या 'फ्यूज' या सोयीने फाइल सिस्टिमचा कोड साध्या प्रोग्रामसारखा चालवता येतो. त्यात चूक असली, तरी सबंध कर्नेल धोक्यात येत नाही. काढून टाकलेल्या मांडण्यांसाठी मला हाच मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो.

२२/ महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर निकड अधिक आहे. नव्वदच्या दशकात छपाई, पत्रकारिता आणि कचेऱ्या संगणकावर आल्या. त्या काळातील मराठी मजकूर फ्लॉपी, सीडी आणि जुन्या हार्ड डिस्कवर आहे. त्याला दोन कुलपे आहेत. पहिले फाइल सिस्टिमचे, दुसरे श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांचे. दुसऱ्या कुलपाविषयी आपण निदान तक्रार तरी करतो. पहिल्याचे नावही आपल्या चर्चेत येत नाही आणि पहिले उघडल्याशिवाय दुसऱ्यापर्यंत पोहोचताच येत नाही.

२३/ म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो. इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडी, फारसी आणि पुराभिलेखशास्त्र यांच्या जोडीला एका फाइल सिस्टिमची रचना हाताने वाचणे आणि एक कर्नेल स्वतः बांधणे, हेही असावे. ते शिकून आपण प्रोग्रामर होणार नाही, जसे मोडी शिकून कोणी कारकून होत नाही. पण १९९० नंतरच्या जगाचा इतिहास लिहिणाऱ्याला त्याची साधने दुसऱ्याने वाचून दाखवण्याची वाट पाहावी लागू नये.

२४/ त्या प्रश्नावलीत शेकडो वेळा एकच सल्ला येतो की खात्री नसेल, तर 'एन' म्हणा. यंत्र बांधणाऱ्यासाठी तो योग्यच आहे. दप्तर सांभाळणाऱ्याने मात्र खात्री नसेल, तर आधी चौकशी करावी. आपल्या महाविद्यालयात, ग्रंथालयात, गावच्या एखाद्या नियतकालिकाच्या कचेरीत जुन्या डिस्क, फ्लॉप्या पडून असतील, तर त्या फेकण्यापूर्वी त्यांवर कोणती फाइल सिस्टिम आहे, एवढे तरी विचारा. काय सापडले, ते या थ्रेडखाली जरूर लिहा.